सातवी प्रत

तुरिनच्या त्या काचेच्या छपराखाली
ऊन असेतो जादू चालायची.
ढग आला की सेवेरिनो खुर्चीत बसून
कोटाच्या बाहीतली रिकामी जागा चाचपायचा.
तीस वर्षं तिथे कबुतरं नांदली होती.
आता बाहीला काम उरलं नव्हतं.
आता एर्मेते ओरडायचा, "थांबा!"
आणि कॅमेऱ्याचं हँडल थांबायचं.

थांबा म्हणजे जो जिथे आहे तिथे.
सेवेरिनोचा हात वर, हातात चादर.
फक्त ओत्ताविया स्टुलावरून उठायची,
तिच्या जागी बदक आणून बसवायचे
(बदक कुणाचंच ऐकायचं नाही),
मग हँडल पुन्हा.
पडद्यावर बाई गेली, बदक आलं,
पापणी लवायच्या आत.
खरी बावीस मिनिटं गेलेली असायची.

ती बावीस मिनिटं कुठे जायची
हे आम्हा रंगवणाऱ्या मुलींना ठाऊक होतं.
कॅनव्हासच्या ज्वालामुखीमागे,
खिळ्यांच्या डब्यांशेजारी,
सफरचंदांच्या खोक्यात
तिचं तीन महिन्यांचं पोर.

आम्ही अकराजणी, माडीवर, लांब टेबलाशी.
चार केसांचा ब्रश, नखाएवढी चौकट, डोळ्याला भिंग.
माझ्याकडे पिवळा.
जोड कुठे आहे ते आम्हालाच दिसायचं:
या चौकटीत सेवेरिनोचा हात खांद्याच्या रेषेत,
पुढच्या चौकटीत बोटभर खाली.
मी कधी बोलले नाही.
नजरबंदी करणाऱ्याचा हात कापतो
ही काय चारचौघांत सांगायची गोष्ट आहे?

त्या मंगळवारचं रीळ.
शेवटी पेटारा उघडतो, ओत्ताविया बाहेर येते,
हात पसरते, हसते.
झगा पिवळा, म्हणजे माझ्या वाट्याचा.
बाराव्या चौकटीत छातीवर एक ठिपका.
मला वाटलं धूळ, फडक्यानं पुसली.
तेराव्यातही होता.
चौदाव्यात तांदळाएवढा,
विसाव्यात वाटाणा,
मग पसरत पसरत नाण्याएवढा, काळसर, ओला,
आणि ती हसतेच आहे.
नजर मात्र ज्वालामुखीकडे वळलेली,
अगदी केसभर.

पोर रडलं होतं.
आमच्या चित्रांना कान नव्हते;
पियानोवाला त्या जागी वॉल्ट्झ वाजवणार होता.
पण तिला पान्हा फुटला,
आणि ऊन चांगलं होतं,
आणि "थांबा" म्हणायचा हक्क एर्मेतेचा.

"देल्फिना, तिथे दाट लाव,"
सिन्योरा पेरोत्ती पाठीमागून म्हणाली.
लावला. त्रेसष्ट चौकटी, सहा प्रती.
कबुतरं नाहीत, चादर नाही, हँडल नाही,
चार केसांनी मी एका बाईचं दूध
गायब केलं.
सिन्योरा म्हणाली, हात साफ आहे तुझा.

सातव्या प्रतीला दिवे लागले होते.
वाटीत रंग पुष्कळ होता.
मी त्यात पाणी घातलं, पुन्हा घातलं.
झगा पिवळा झाला,
आणि जे खाली होतं ते खालीच राहिलं,
पण दिसत राहिलं.
डबा बंद केला. वर गावाचं नाव: कुनेओ, जत्रा.

चारच सेकंदांचा खेळ.
तंबूतले पुरुष अजून बदकावरच हसत असतील.
मागच्या बाकावर एखादी,
मांडीवर पेंगुळलेलं मूल,
अंधारात तिचा हात
उगाच छातीशी गेला असेल,
किंवा नसेलही.

पुढे कंपनी बुडाली. रिळं वजनावर गेली,
त्यांचे कंगवे झाले म्हणे.
ओत्ताविया मला एकदा बाजारात भेटली,
कांदे निवडत होती. तिनं स्वतःला
पडद्यावर कधी पाहिलंच नव्हतं.
"कुठला रंग दिलात मला?"
पिवळा, मी म्हणाले.
"अगं, राखाडी होता तो झगा,"
ती म्हणाली, "आणि पिवळा मला
कधीच शोभला नाही."